कामापुरतं इंग्रजी : शिकवणीच्या वहीतल्या नोंदी

३ मार्च २०२४, रविवार

नागपुरात सक्करदऱ्याला घराच्या वरच्या खोलीत नवी बॅच सुरू केली. सहा जण आले. फॅन-कूलर दुरुस्त करणारा एक पोरगा, प्लंबरच्या हाताखाली असलेला दुसरा, मेडिकलच्या काउंटरवर बसणारी एक पोरगी, डबे पुरवणाऱ्या काकू, आणि मिहानमध्ये, विमानतळाकडच्या कंपन्यांत, कुठेतरी चिकटायचंय म्हणून आलेले बारावी पास दोघे. वेळ रविवार-बुधवार, संध्याकाळी पाच ते साडेसहा.

गेली बारा वर्षं मी दहावीच्या पोरांचं इंग्रजी घेते, म्हणून तीच वही उघडली. पहिलं वाक्य, 'आय हॅव अ पेट डॉग.' सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. कूलरवाल्याने जांभई दिली. काकूंनी हात वर केला : "मॅडम, माझ्याजवळ कुत्रा नाही. माझ्याजवळ फोन येते कंपनीतून. तो उचलून काय बोलायचं, ते सांगा न."

वही मिटली. आता ठरलं ते असं : प्रत्येकाने आपल्या कामात दिवसभर तोंडात असलेले दहा इंग्रजी शब्द आणायचे. जसे बोलतो तसे लिहायचे, सुधारून नाही. त्यातून तीन महिन्यांत एक वही तयार करायची. नाव काकूंनीच दिलं, कामापुरतं इंग्रजी.

६ मार्च, बुधवार

याद्या आल्या. कूलरवाल्याची सगळ्यांत भारी : पिलास, वायसर, गिलंडर, बेरिंग, बुश, कंडेन्सर, वायंडिंग, टिल्लू, रेगुलेटर, अर्थिंग. पिलास म्हणजे प्लायर्स, वायसर म्हणजे वॉशर, गिलंडर म्हणजे ग्राइंडर, इथपर्यंत मला लागलं. कंडेन्सरला अडले. शाळेत वाफेचं पाणी करणारा कंडेन्सर शिकले होते. तो पंख्यात काय करतो?

तो हसला, स्टुलावर चढला आणि माझ्याच खोलीतला पंखा उघडला. दांड्याच्या वरच्या वाटीतून अंगठ्याएवढी पांढरी डबी काढली. "हा घ्या कंडेन्सर. अडीचचा आहे. हा गेला की पंखा चालते, पण मरतुकडा चालते." डबीवर छापलं होतं, कपॅसिटर, २.५ मायक्रोफॅरड. मी फळ्यावर कपॅसिटर लिहिलं आणि कंडेन्सरवर फुली मारायला खडू उचलला.

रात्री शब्दकोश पाहिला. बरं झालं, फुली मारली नव्हती. इंग्रजीतही त्या डबीला आधी कंडेन्सरच म्हणत. व्होल्टाने अठराव्या शतकात दिलेलं नाव ते. कपॅसिटर मागाहून आला. म्हणजे सीताबर्डीच्या इलेक्ट्रिक गल्लीत चालणारा शब्द चुकीचा नाही, जुना आहे. इंग्रजांनी तो टाकून दिला, आपल्या मेकॅनिकांनी जपून ठेवला.

१० मार्च, रविवार

कंडेन्सरची पुढची गोष्ट. आज कूलरवाल्याने सांगितलं की मागच्या उन्हाळ्यात तो एका एसीवाल्याकडे चार दिवस होता. मालक म्हणाला, कंडेन्सर साफ कर. याने आउटडोअरचं झाकण उघडून कपॅसिटर काढला, पुसला, परत लावला. मालक म्हणत होता ती मागची जाळीदार कॉइल. तिथून याला घरी पाठवलं. एसीच्या त्या एकाच डब्यात दोन्ही वस्तू असतात, आणि पंख्याच्या दुकानातला शब्द एसीच्या दुकानात दुसऱ्याच वस्तूचा निघतो. वहीत लिहिलं : पंख्याचा कंडेन्सर = कपॅसिटर. एसीचा कंडेन्सर = कॉइल. एसीवाल्याकडे गेलं की आधी बोट दाखवून विचारायचं.

मग प्लंबर. स्पेलिंगमध्ये बी आहे आणि इंग्रज तो बोलत नाही, 'प्लमर' म्हणतो, हे सांगितल्यावर पोरगा चिडलाच. "मग लिवाचा कायले?"

त्याला दहावीचं विज्ञान आठवायला लावलं. शिशाचं चिन्ह काय? पीबी. का? लॅटिनमध्ये शिसं म्हणजे प्लंबम. रोमन लोकांच्या पाण्याच्या नळ्या शिशाच्या, त्या बसवणारा तो प्लंबर. डेट, डाउट, रिसीट यांच्यातली मुकी अक्षरंही अशीच लॅटिनच्या नात्याने येऊन बसलेली. फ्रेंचमधून शब्द आले तेव्हा डेट-डाउटमध्ये बी नव्हता. लॅटिन जाणणाऱ्या पंडितांनी मागाहून खोचला.

"पण आता शिसं कोण वापरते? आता तर सगळं पीव्हीसी." मी म्हटलं, हो, सगळं पीव्हीसी. तर मला म्हणाला, "नाही मॅडम, गिझरच्या लाइनले पीव्हीसी नाही चालत. नरम पडते. तिथे सीपीव्हीसी लागते." त्यातला सी कशाचा ते त्याला माहीत नव्हतं, आणि दोन पाइपांत फरक असतो हे मला माहीत नव्हतं. सी म्हणजे क्लोरिनेटेड. दोघांनी मिळून शोधलं.

मी मात्र नागपुरात 'प्लमर' म्हणा असं कोणाला सांगणार नाही. तसं म्हटलं तर नळ दुरुस्त करायला कोणी येणार नाही.

१३ मार्च, बुधवार

दोघंच आले. लग्नसराई, डब्यांची गर्दी. मेडिकलवालीला 'एक्स्पायरी' आणि 'यूज बिफोर' वाचायला लावलं. ते तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

१७ मार्च, रविवार

आजची नोंद जरा लांब होणार.

बारावीवाल्या दोघांचा घोळ एकच. 'आय गो' कधी आणि 'आय ॲम गोइंग' कधी. पुस्तकात लिहिलंय : मी जातो, मी जात आहे. पण सक्करदऱ्यात 'मी जात आहे' कोण म्हणतं? रेडिओवरच्या बातम्यांत म्हणतात. पोरं ते वाक्य घोकतात, पण कानाला ओळखीचं नसल्याने फरक आत उतरत नाही.

शिकवता शिकवता एकाचा फोन वाजला. तो दबक्या आवाजात म्हणाला, "क्लासमध्ये आहो बे. शिकून राहिलो." आणि माझी ट्यूब पेटली.

शिकून राहिलो. जाऊन राहिलो. खाऊन राहिलो. हे आपलं नागपुरी क्रियापद म्हणजे अगदी आय-एन-जी! 'मी बर्डीले जातो' म्हणजे रोज जातो, आय गो. 'मी बर्डीले जाऊन राहिलो' म्हणजे आत्ता निघालो, आय ॲम गोइंग. फळ्यावर दोन रकाने आखले आणि वीस वाक्यं फटाफट झाली. एकही चुकलं नाही. सगळ्यांत मजेचं वाक्य प्लंबरचं. त्याचं गाव उमरेडकडे, इथे मामाकडे असतो. "मी उमरेडले राहतो. सध्या मामाकडे राहून राहिलो." आय लिव्ह, आय ॲम स्टेइंग. हा फरक कॉलेजच्या पोरांना समजावताना माझा अर्धा तास जातो. याने आपल्या मराठीतून तो एका दमात काढला.

मी पाचवीत होते तेव्हा निबंधात 'आई स्वयंपाक करून राहिली होती' लिहिलं म्हणून बाईंनी लाल शाईने तीनदा खोडलं होतं. 'करत होती' असं लिहायला लावलं, दहा वेळा. तेव्हापासून मी लिहिताना राहिलो-राहिली गाळते. बोलताना मात्र नाही जमत, आणि पुण्याला बहिणीकडे गेले की तिच्या सासरचे अजून हसतात.

मग म्हटलं, कसोटी उलटी लावून पाहू. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' बरोबर का? कूलरवाला म्हणाला, "मला दोन भाऊ असून राहिले?" सगळे खो खो हसले. म्हणजे नाही चालत. 'आय ॲम नोइंग'? "मला माहीत असून राहिलं?" पुन्हा हशा. ज्या वाक्याला आपल्या कानाने हसू येतं, तिथे आय-एन-जी लावायचा नाही. पुस्तकात या क्रियापदांची पानभर यादी असते.

पण लगेच खोडा निघाला. "मला समजून राहिलं" आपण म्हणतो. "मला दिसून राहिलं" पण म्हणतो. इंग्रजीत 'आय ॲम अंडरस्टँडिंग' नाही, 'आय ॲम सीइंग' नाही. तिथे आपली युक्ती पाय घसरून पडते. ही दोन वहीत वेगळ्या चौकटीत घातली, लाल शाईने. लाल शाईचा यावेळी तरी काही उपयोग झाला.

२० मार्च, बुधवार

मेडिकलवालीचा शब्द : टीडीएस. तिच्या म्हणण्याप्रमाणे गोळी दिवसातून तीनदा. काकू म्हणाल्या, नाही, पाण्याचा असतो तो. फिल्टरवाला पेनासारखं मशीन बुडवून सांगून गेला, टीडीएस जास्त आहे. बारावीवाल्यांतला एक सीएच्या ऑफिसात फाइली लावतो. तो म्हणाला, टीडीएस म्हणजे टॅक्स, पगारातून आधीच कापलेला.

तिघेही बरोबर. औषधाचा टीडीएस लॅटिनचा : तेर दिए सुमेंदुम, दिवसातून तीनदा घेणे. पाण्याचा, टोटल डिझॉल्व्ड सॉलिड्स, विरघळलेले क्षार. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत ते चालतात. कराचा, टॅक्स डिडक्टेड ॲट सोर्स.

मग मेडिकलवालीने तिची सगळी अक्षरं काढली. बीडी दोनदा, एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. एसओएस म्हणजे बुडत्या जहाजाची हाक, असं मी आजवर समजत होते. चिठ्ठीवरचा एसओएस वेगळा : सी ओपुस सित, गरज पडली तर. बाबांच्या चिठ्ठीवर दुखण्याच्या गोळीपुढे एसओएस पाहून मी एकदा रात्रभर जागी होते. आता काय बोलायचं.

तिने सांगितलं, गिऱ्हाइकाला ती हे काही सांगत नाही. पाकिटावर लिहून देते, १-०-१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. आजीबाईंनाही कळतं. वहीत ते शून्यासकट उतरवलं.

२४ मार्च, रविवार

होळी. सुट्टी.

३१ मार्च, रविवार

काकू तोंड पाडून आल्या. शुक्रवारी एका कंपनीतून फोन आला, 'थर्टी टिफिन्स, एट ओ क्लॉक.' काकूंनी ऐकलं थर्टीन. तेरा डबे भरले. पोरगा पोचवायला गेला तेव्हा उलगडा झाला. मग धावपळ : शेजारच्या तीन घरांतून पोळ्या, वरणात पाणी, भात नव्याने. नऊ वाजून दहा मिनिटांनी बाकीचे सतरा पोचले, आणि पैसे तेराचेच मिळाले. "बाकीचे उशिरा आले म्हणे."

पुस्तक म्हणतं, थर्टीनमध्ये जोर शेवटी आणि ई लांब, थर्टीमध्ये जोर पहिल्यावर. आम्ही तसं घोकून पाहिलं. पण खरी गोम वेगळी आहे. पुढे दुसरा शब्द आला की इंग्रज स्वतःच थर्टीनचा जोर पुढे सरकवतो. 'थर्टीन टिफिन्स' झरझर म्हणून पाहा, जोर थरवर येतो. म्हणजे नेमकं ऑर्डर देतानाच खूण पुसली जाते. फोनवर, मागे कुकरच्या शिट्ट्या चालू असताना, कोणाचाही कान फसेल. काकूंचा कान खराब नाही.

आपल्याकडे तेरा आणि तीस यांत असा घोळ होत नाही. आपला घोळ एकोणसाठ-एकोणसत्तरचा. बॅचमधल्या दोघांनी 'एकोणऐंशी म्हणजे सेव्हंटी नाइन ना?' असं मलाच विचारलं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हणायची सोय केली, तेव्हा केवढा गहजब झाला होता. मीही तेव्हा नाक मुरडलं होतं. आज जरा कमी मुरडते.

उपाय ठरला : आकडा ऐकला की सुटा करून उलट विचारायचा. 'थ्री झीरो, ऑर वन थ्री?' काकूंकडून पंचवीस वेळा म्हणवून घेतलं. खाली जाताना जिन्यातही म्हणत होत्या.

३ एप्रिल, बुधवार

चेक. कोरा कागद चेकएवढा कापून दिला. सहापैकी चौघांनी फॉर्टीत यू घातला. चूक समंजस आहे : फोरमध्ये यू आहे, फोर्टीनमध्ये आहे, मग फॉर्टीतच का नाही? कारण मला सांगता आलं नाही, नाही म्हणजे नाही. रकमेच्या शेवटी ओन्ली, पुढे जागा उरली तर आडवी रेघ. चेकची मुदत तीन महिने. आधी सहा होती, १ एप्रिल २०१२ पासून तीन झाली. माझ्या कपाटात पाच महिन्यांपूर्वीचा एक निघाला. ताबडतोब त्या पालकांना फोन लावला.

७ एप्रिल, रविवार

कळमन्याच्या बाजारातून येताना कूलरवाल्याने बॅचसाठी संत्री आणली, मृग बहाराची शेवटची. सोलता सोलता 'ॲन' का लागतो त्यावर आलो. ॲन ऑरेंज.

ऑरेंज हा आपल्याकडूनच गेलेला. संस्कृत नारंग, फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारांखा. पुढे फ्रेंचपर्यंत पोचताना पहिला न गळून पडला. आपण मात्र फळाला संत्रं म्हणतो आणि नारिंगी रंगापुरतं ठेवलं. संत्रानगरीत राहून मला हे आत्ता कळलं याची थोडी लाज वाटली.

असाच न काकूंच्या ॲप्रनचा गेला, तोही खुद्द इंग्रजीत. मुळात ते नेप्रन. 'अ नेप्रन' म्हणता म्हणता लोकांना 'ॲन ॲप्रन' ऐकू आलं आणि न शेजाऱ्याच्या घरात राहायला गेला. काकू म्हणाल्या, "म्हणजे त्याहीचा कान फसतेच." थर्टीनचं दुःख जरा हलकं झालं असावं.

मंगूज हा इंग्रजी शब्द आपल्या मुंगुसावरून गेला, हेही सांगितलं. अनेकवचन मंगूजेस. गूजचं गीज होतं तसं मंगीज होत नाही. हा शब्द कामापुरता कोणालाच लागणार नाही, तरी सगळ्यांनी लिहून घेतला.

२१ एप्रिल, रविवार

१४ ला जयंती, १७ ला रामनवमी, दोन्ही दिवस सुट्टी. शुक्रवारी मतदान झालं. आज सगळ्यांच्या डाव्या तर्जनीवर शाई. बारावीवाल्या एकाला अजून अठरा लागायची आहेत, तो बोट लपवून बसला.

शाईचं इंग्रजी नाव इंडेलिबल इंक. शब्द पाहून सगळे घाबरले. तोडून दाखवला. मधला डेल कुठे पाहिलाय? मोबाइलवर. डिलीट. लॅटिनमध्ये पुसणे म्हणजे देलेरे, तिथूनच दोन्ही आले. आधी इन म्हणजे नाही, शेवटी इबल म्हणजे होण्याजोगं. डिलीट न होणारी. मग पोरांनी स्वतःच जोडले : इनव्हिजिबल, इम्पॉसिबल. प्लंबरने टेफ्लॉन टेपवरचा 'नॉन-फ्लॅमेबल' आणला. आणि इथे मी हात जोडले, कारण इन्फ्लेमेबलचा अर्थ 'न जळणारं' नाही. पेट घेणारं असाच आहे! तिथला इन नकाराचा नाही. गॅसच्या गाडीवर, थिनरच्या डब्यावर हा शब्द असतो आणि उलटा समजला तर जिवावर बेतेल. काही ठिकाणी आता नुसतं फ्लॅमेबल लिहितात ते याच भीतीने. वहीत पूर्ण पान दिलं. क्लास सुटल्यावर प्लंबर सीपीव्हीसीच्या सोल्यूशनचा डबा घेऊन आला, मुद्दाम. झाकणाखाली बारीक अक्षरात होतं. त्याच डब्याशेजारी आजवर बिडी ओढत होता म्हणे.

२८ एप्रिल, रविवार

घरचा कूलर काढला. खस बदलायला कूलरवालाच आला. नव्या एजन्सीत लागलाय, तिथे कामाची पावती इंग्रजीत भरावी लागते. माझ्यासमोर भरली. 'पॅड चेंज्ड. पंप नॉट वर्किंग. कपॅसिटर ओके.' कंडेन्सर नाही, कपॅसिटर. मी काही बोलले नाही.

खाली पुढच्या भेटीचा रकाना. पंप आणायचा आहे, परवा येणार. त्याने लिहिलं, 'कमिंग परवा.' इंग्रजीत परवाला एक शब्द नाही. एके काळी ओव्हरमॉरो होता, वापरातून गेला. आता चार शब्दांचं शेपूट, द डे आफ्टर टुमॉरो, आणि झालेल्या परव्याला दुसरं. आपला परवा मात्र मागे पुढे दोन्हीकडे चालतो, म्हणून भांडणंही लावतो. म्हटलं, वार लिही. त्याने ट्यूजडे लिहिलं, यू आणि ई नीट जागेवर ठेवून.

१ मे, बुधवार

महाराष्ट्र दिन, पण पोरं म्हणाली क्लास ठेवा. वहीची पानं मोजली, एकशे बारा शब्द झाले. झेरॉक्स काढायला टाकते उद्या.

सव्वापाचला काकूंचा फोन वाजला. तीच कंपनी. सगळे गप्प झाले. काकूंनी उभं राहून उचलला.

"येस सर. फिफ्टी? फाइव्ह झीरो, ऑर वन फाइव्ह?" थांबल्या. "वन फाइव्ह. ओके सर. एट ओ क्लॉक." पलीकडून अजून काहीतरी विचारलं. "येस सर, येस सर, आय ॲम मेकिंग." फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

"मॅडम, बनवून राहिली म्हणजे मेकिंगच न?"

"हो."

"मग खोटं बोलली मी. अजून तर कणीकपण नाही भिजवली." आणि पिशवी उचलून जिना उतरल्या.